सत्तावीस बळींचा जमाखर्च : क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी बेसबॉलचे नियम

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरले होते आणि तिथेच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. आपल्याकडे बातमी गाजली ती साहजिकच क्रिकेटची, कारण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर क्रिकेट तिथे पहिल्यांदाच खेळले जाणार आहे. त्याच निर्णयाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉल ही जोडीही ऑलिंपिकमध्ये परतली, परंतु तिकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. टोकियोत जपानने बेसबॉलचे सुवर्णपदक जिंकले, २०२४ साली पॅरिसमध्ये हा खेळ नव्हता आणि आता तो लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर, म्हणजे अगदी स्वतःच्या घरच्या अंगणात खेळला जाणार आहे.

मराठी प्रेक्षकाची बेसबॉलशी गाठ बहुधा दोन ठिकाणी पडते. एक तर हॉलिवूडच्या चित्रपटात, नाही तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे सहा महिने राहायला गेल्यावर एखाद्या शनिवारी हौसेने स्टेडियममध्ये नेले जाते तेव्हा. दोन्ही ठिकाणी अनुभव सारखाच येतो. दांडका आहे, चेंडू आहे, धावा आहेत, झेल आहेत, त्यामुळे सगळे ओळखीचे वाटते आणि तरीही काय चालले आहे ते कळत नाही. ही अडचण क्रिकेट माहीत असल्यामुळेच होते, कारण आपण नकळत क्रिकेटचा तर्क बेसबॉलला लावत बसतो. दोन खेळांचा तर्क कुठे फुटतो ते एकदा लक्षात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

## यष्ट्याच नाहीत, मग सांभाळायचे काय?

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या मागे यष्ट्या असतात आणि त्याचे पहिले काम त्या राखणे हे असते. चेंडू बॅटला लागल्यावर पळायचे की नाही हे तोच ठरवतो. तासभर एकही धाव न काढता खेळपट्टीवर उभे राहण्याची त्याला मुभा आहे, आणि कसोटी वाचवायची असेल तर त्याबद्दल त्याचे कौतुकही होते. बेसबॉलमध्ये यष्ट्या नाहीत आणि ही मुभाही नाही. तिथे फलंदाजी करणाऱ्या संघाकडे जपून वापरण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे बळी.

प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना नऊ डावांचा असतो. एका डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. तीन फलंदाज बाद झाले की फलंदाजी संपली, दुसरा संघ आत आला. नऊ डावांचे प्रत्येकी तीन, म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाला सत्तावीस बळी मिळतात. षटकांची मर्यादा नाही, एकूण वेळेची मर्यादा नाही. सत्तावीस बळी संपण्याआधी जितक्या धावा करता येतील तितक्या करायच्या, एवढेच गणित आहे. नऊ डावांनंतर बरोबरी झाली तर आणखी एकेक डाव खेळत राहायचे. अमेरिकेच्या मेजर लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेच्या २०२५ च्या अंतिम मालिकेतला, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधला, तिसरा सामना असाच अठराव्या डावापर्यंत लांबला होता.

नाणेफेक नसते. पाहुणा संघ नेहमी आधी फलंदाजी करतो, यजमान नंतर. शेवटच्या डावात यजमान आधीच पुढे असेल तर तो फलंदाजीला येतच नाही.

आपल्याला सवय नसलेली एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. बाद झालेला फलंदाज त्या दिवसापुरता संपत नाही. नऊ जणांचा फलंदाजीचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि तो चक्राकार फिरत राहतो; पहिल्या डावात चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूवर फलंदाजी थांबली असेल तर दुसरा डाव पाचव्यापासून सुरू होतो. एकेक खेळाडू सामन्यात साधारण चार वेळा फलंदाजीला येतो. मात्र ज्याच्या जागी बदली खेळाडू आणला तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण प्रशिक्षकाची झोप उडवतो तो हाच.

## नव्वद फुटांचा चौरस आणि नव्वद अंशांचा कोन

मैदानाच्या एका कोपऱ्यात नव्वद फूट बाजूचा एक चौरस आखलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर होम प्लेट असते, म्हणजे फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेली पाच कोनांची पांढरी पाटी. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेल्यास पहिला, दुसरा आणि तिसरा बेस लागतो. बेस म्हणजे जमिनीला पक्की केलेली चौकोनी उशी, आणि धावपटू, म्हणजे फलंदाजी सोडून धावायला लागलेला खेळाडू, तिला चिकटून असेपर्यंत सहसा सुरक्षित असतो. तिन्ही बेसना क्रमाने स्पर्श करून होम प्लेटवर परत आल्यावर एक धाव मिळते. मधल्या बेसवर थांबता येते, पण एका बेसवर एकच जण उभा राहू शकतो.

होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेषा थेट सीमेपर्यंत वाढवलेल्या असतात. या दोन रेषांमधला नव्वद अंशांचा कोन हाच खेळाचा वैध भाग. चेंडू त्याबाहेर गेला तर तो फाउल. क्रिकेटमध्ये मैदान चारही बाजूंनी मोकळे असते, त्यामुळे लेट कट, लेग ग्लान्स, रिव्हर्स स्वीप यांतून धावा निघतात. बेसबॉलमध्ये यांतला प्रत्येक फटका फाउल ठरला असता.

रेषांमधून हवेतूनच कुंपणापलीकडे मारलेला फटका म्हणजे होम रन. फलंदाज आणि त्या वेळी बेसवर असलेले सगळे घरी, म्हणजे होम प्लेटवर, येतात, म्हणून एका होम रनने एक ते चार अशा कितीही धावा मिळू शकतात. कुंपण किती अंतरावर असावे हे मात्र मैदानागणिक बदलते. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडचे कुंपण जेमतेम ३१० फुटांवर आहे, पण तिथे ३७ फूट उंच हिरवी भिंत उभी केलेली आहे. दुसऱ्या मैदानावर सहज होम रन झाला असता असा फटका तिथे भिंतीवर आदळून मैदानात परत येतो.

## पिचर आणि फलंदाज

चौरसाच्या मध्यावर, होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच अंतरावर, दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो. तिथून चेंडू फेकणारा तो पिचर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला, मुखवटा घातलेला खेळाडू तो कॅचर, आणि त्याच्या मागे अंपायर.

पिचरने चेंडू एका काल्पनिक चौकटीतून न्यायचा असतो. तिची रुंदी होम प्लेटएवढी, म्हणजे सतरा इंच. खालची मर्यादा फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखाली आणि वरची साधारण खांदे व कंबर यांच्या मध्यावर. चेंडू या चौकटीतून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर ती स्ट्राइक. चेंडू कुठेही असो, बॅट फिरवली आणि हुकली, तरीही स्ट्राइक. चौकटीबाहेरच्या चेंडूवर फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर त्याला नुसते ‘बॉल’ म्हणतात. आपल्याकडच्या वाइडचा हा चुलतभाऊ समजावा. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. चेंडू अंगावर लागला तरीही पहिला बेस मिळतो.

फाउल फटका ही स्ट्राइक धरली जाते, परंतु दोन स्ट्राइक झाल्यानंतरच्या फाउलने तिसरी स्ट्राइक होत नाही. (चेंडू बॅटने नुसता अडवून जमिनीवर टाकण्याचा प्रयत्न फाउल गेला तर मात्र होते.) या एका सवलतीमुळे चिवट फलंदाज नको ते चेंडू रेषेबाहेर ढकलत पिचरला दमवतो. एका सामन्यात पिचरने साधारण शंभर चेंडू टाकले की प्रशिक्षकाची चुळबुळ सुरू होते, त्यामुळे एका फलंदाजावर दहा-बारा चेंडू खर्च होणे हे फलंदाज बाद झाला तरी फलंदाजी करणाऱ्या संघाच्या पथ्यावर पडते.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तीन बॉल आणि एक स्ट्राइक झाली आहे. आणखी एक बॉल झाला तर फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जाईल, म्हणून पिचरला चेंडू चौकटीत टाकणे भाग आहे, आणि फलंदाजाला हे ठाऊक आहे. तो सरळ वेगवान चेंडूची वाट पाहत उभा आहे. हाच हिशोब उलटा, म्हणजे एकही बॉल नसताना दोन स्ट्राइक झालेल्या असतील, तर पिचर निर्धास्तपणे चेंडू चौकटीच्या जरा बाहेर टाकून फलंदाजाला मोहात पाडू शकतो. दूरचित्रवाणीच्या कोपऱ्यात ‘३-१’ किंवा ‘०-२’ असे आकडे दिसतात ते हेच; पहिला आकडा बॉलचा, दुसरा स्ट्राइकचा. प्रत्येक चेंडूनंतर बाजू कोणाची वरचढ आहे ते त्यातून कळते आणि ‘दोन चेंडूंच्या मध्ये काहीच घडत नाही’ ही तक्रार तिथेच निम्मी संपते.

## चेंडू लागला की पळायलाच हवे

वैध भागात चेंडू मारला की फलंदाजाने बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावलेच पाहिजे. क्रिकेटच्या प्रेक्षकाची सर्वांत मोठी गफलत इथे होते. हळूच खेळलेला बचावात्मक फटका, जो आपल्याकडे टाळ्या मिळवतो, तो इथे जवळजवळ खात्रीचा बळी असतो, कारण क्षेत्ररक्षक चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकतो आणि तो धावपटूच्या आधी पोचतो.

बाद करण्याच्या मुख्य पद्धती मोजक्या आहेत. तीन स्ट्राइक ही एक. चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलला तर फलंदाज बाद, आणि फाउल भागात झेलला तरीही बाद. चेंडू हातात किंवा ग्लोव्हमध्ये घेऊन बेसवर नसलेल्या धावपटूला स्पर्श केला तर तो बाद. चौथी पद्धत थोडी डोके खाते: ज्या बेसवर जाणे धावपटूला सक्तीचे आहे, त्या बेसला चेंडू हातात असलेल्या क्षेत्ररक्षकाने आधी पाय लावला की धावपटू बाद, त्याला शिवायची गरज नाही.

सक्ती केव्हा असते? दादरला लोकलच्या दारात उभे असताना मागून माणसे चढली की आत सरकावेच लागते; कोणी चढले नाही तर जिथे आहोत तिथे उभे राहता येते. बेसवर एकालाच जागा असल्याने तिथेही हेच घडते. फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की पहिल्यावरच्याला दुसऱ्यावर जावेच लागते, आणि दुसऱ्यावरही कोणी असेल तर त्याला तिसऱ्यावर. पण पहिला बेस रिकामा असेल तर दुसऱ्यावरच्या धावपटूवर कसलीच सक्ती नाही. तो मजेत जागेवर थांबू शकतो, आणि तो पळालाच तर त्याला प्रत्यक्ष शिवूनच बाद करावे लागते. पहिल्या बेसवरून वेगात पुढे निघून गेले तरी चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर मात्र तोल जाऊन पाय सुटला तरी क्षेत्ररक्षक शिवू शकतो. म्हणून तिथे खेळाडू मातीत घसरत येतात.

या सक्तीमुळेच एका चेंडूवर दोन बळी जाऊ शकतात. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि फलंदाजाने जमिनीवरून क्षेत्ररक्षकाकडे चेंडू मारला. त्याने दुसऱ्या बेसला पाय लावला, एक बळी. तिथूनच पहिल्या बेसवर फेक, दुसरा बळी. सत्तावीसपैकी दोन बळी चार-पाच सेकंदांत जातात.

## झेल उडाला असताना काय करायचे?

चेंडू हवेत असताना बेसवरच्या धावपटूंची तारांबळ होते. झेल घेतला गेला तर त्यांना आपल्या मूळ बेसवर परतावे लागते; त्याआधी चेंडू तिथे पोचला तर तेही बाद. मात्र झेल क्षेत्ररक्षकाला लागल्यानंतर बेसवरून निघून पुढे पळण्याची परवानगी आहे. तिसऱ्या बेसवरचा धावपटू म्हणूनच पाय बेसवर ठेवून थांबतो आणि दूर सीमेजवळ झेल घेतला जाताच घराकडे सुटतो. फलंदाज बाद होतो, पण धाव मिळते. एका बळीच्या बदल्यात एक धाव हा सौदा बरोबरीच्या सामन्यात कोणताही प्रशिक्षक आनंदाने करतो.

यात एक लबाडी शक्य होती. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू आहेत, उंच सोपा झेल जवळच उडाला आहे आणि धावपटू परतण्याच्या तयारीत जागेवर थांबले आहेत. क्षेत्ररक्षकाने तो मुद्दाम सोडला तर झेल नाही, म्हणजे सर्वांवर पळण्याची सक्ती येते आणि दोन बळी सहज मिळतात. हे रोखण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच नियम झाला: दोनपेक्षा कमी बळी गेले असताना आणि पहिल्या-दुसऱ्या बेसवर धावपटू असताना असा सोपा झेल आतल्या भागात उडाला की अंपायर तिथल्या तिथे फलंदाजाला बाद घोषित करतात. फलंदाज बाद झाल्यामुळे मागचा धक्का नाहीसा होतो आणि लबाडीतला फायदाही.

## बेसची चोरी आणि विनू मांकड

पिचर चेंडू टाकायच्या तयारीत असताना धावपटू बेस सोडून काही पावले पुढे सरकतो आणि संधी दिसताच पुढच्या बेसकडे धूम ठोकतो. फलंदाजाने काहीही न करता मिळवलेला हा बेस ‘चोरलेला’ म्हणून खात्यावर जमा होतो. कॅचरने चेंडू पकडून दुसऱ्या बेसवर फेकून त्याला बाद करायचे, ही स्पर्धा सेकंदाच्या अंशात ठरते.

पिचरला वाटले तर तो फलंदाजाकडे चेंडू न टाकता अचानक वळून त्या धावपटूच्या बेसवर फेकू शकतो. १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकड यांनी बिल ब्राऊनला गोलंदाजीच्या टोकाला धावबाद केले आणि त्यावर खिलाडूवृत्तीचा वाद आजवर चालू आहे. बेसबॉलमध्ये हीच कृती दररोज होते आणि कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत, कारण तिथे धावपटूने पुढे सरकणे आणि पिचरने त्याला पकडणे हे दोन्ही खेळाचेच भाग मानले आहेत. माझ्या मते त्या वादात बेसबॉलची भूमिका अधिक सरळ आहे. २०२३ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पिचरवर एक बंधन आले: एका फलंदाजादरम्यान अशी फेक किंवा उंचवट्यावरून पाय काढणे दोनदाच करता येते, तिसऱ्यांदा केले आणि धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस बहाल होतो.

## टोरांटोतला शेवटचा सामना

हे सगळे नियम एकत्र पाहायचे असतील तर नोव्हेंबर २०२५ मध्ये टोरांटोत झालेला वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना उत्तम. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज तीन-तीन सामने जिंकून उभे होते.

नवव्या डावात ४-४ बरोबरी होती आणि यजमान टोरांटो फलंदाजीला होते. बो बिशेट पहिल्या बेसवर पोचला, पण त्याचा पाय दुखावलेला असल्याने त्याच्या जागी आयझाया काइनर-फलेफा धावायला आला. पुढचा फलंदाज चार बॉलवर फुकट बेस घेऊन गेला, त्यापुढच्याला चेंडू अंगावर लागला. तिन्ही बेस भरले, एक बळी गेलेला, आणि काइनर-फलेफा घरी आला तर टोरांटो विजेते. डॉल्टन वारशोने जमिनीवरून फटका मारला. मागून सगळ्यांचाच धक्का होता, म्हणून घरी पळणे काइनर-फलेफाला सक्तीचे होते. कॅचर विल स्मिथने त्याला शिवण्याची गरज नव्हती, नुसता प्लेटवर पाय पुरे होता. मिगेल रोहासची फेक आली, स्मिथचा पाय क्षणभर उचलला जाऊन पुन्हा प्लेटवर टेकला आणि धावपटू काही इंचांनी बाद झाला. पुढचा झेल घेतला गेला आणि डाव संपला.

अकराव्या डावात स्मिथच्या होम रनने डॉजर्स ५-४ पुढे गेले. टोरांटोच्या उत्तरात व्लादिमिर गेरेरो ज्युनियर दुसऱ्या बेसवर पोचला. त्याच्यानंतर खरे तर बिशेटची पाळी, संघातला एक भरवशाचा फलंदाज. पण तो बदलला गेला होता, परत येऊ शकत नव्हता, आणि त्या जागी फलंदाजीला आला काइनर-फलेफा. त्याने चेंडू नुसता अडवून जमिनीवर टाकला, स्वतःचा बळी दिला आणि गेरेरोला तिसऱ्या बेसवर नेले. पुढच्याला चार बॉल मिळाले. आता पहिल्या आणि तिसऱ्यावर धावपटू, एक बळी गेलेला. अलेहांद्रो कर्कने मारलेला चेंडू जमिनीवरून मुकी बेट्सकडे गेला. त्याने दुसऱ्या बेसला पाय लावला, पहिल्या बेसवर फेक केली आणि दोन बळींसह विजेतेपद ठरले. गेरेरो त्या क्षणी घरी पोचला असता तरी धाव मोजली गेली नसती, कारण तिसरा बळी फलंदाज पहिल्या बेसवर पोचण्याआधी गेला की त्या चेंडूवरची धाव बाद ठरते.

## ‘फुलटॉसच तर टाकतात, त्यात काय कठीण?’

क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाचा हा पहिला आक्षेप असतो. टप्पा नाही हे खरे, पण पिचरला कोपर वाकवण्यावर बंधन नाही, त्यामुळे तो चेंडू खऱ्या अर्थाने फेकतो. ताशी १५० किलोमीटर हा तिथे नेहमीचा वेग आहे. अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये टाकलेला चेंडू ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाचा होता. अशा चेंडूला फलंदाजापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे चार दशांश भाग लागतो. शिवाय तोच हात, तीच हालचाल आणि चेंडू मात्र ताशी वीस-तीस किलोमीटरने हळू व शेवटी खाली बुडणारा, असे फसवे चेंडू असतात. फलंदाजाच्या हातात सपाट पात्याची बॅट नसून जास्तीत जास्त २.६१ इंच व्यासाचे गोल लाकूड असते. गोल चेंडू गोल लाकडाला किंचित वर-खाली लागला की एक तर आकाशात जातो, नाही तर जमिनीत.

म्हणूनच दहांपैकी तीन वेळा फटका मारून सुरक्षित बेस गाठणारा फलंदाज अव्वल समजला जातो. तिथली फलंदाजीची सरासरी म्हणजे असे यशस्वी फटके भागिले प्रयत्न. चार बॉलवर मिळालेला फुकट बेस या प्रयत्नांत धरत नाहीत. १९४१ मध्ये बॉस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी ०.४०६ होती, आणि गेल्या सत्तरहून अधिक वर्षांत मेजर लीगच्या संपूर्ण हंगामात ०.४०० कोणालाच गाठता आलेले नाही.

## ‘तीन तासांत पाचच धावा?’

धावा कमी असतात हे कबूल. एका संघाच्या सामन्याला साधारण चार-पाच. पण त्यामुळेच एका धावेची किंमत क्रिकेटमधल्या एका धावेशी नव्हे, तर फुटबॉलच्या गोलाशी ताडून पाहावी लागते.

वेळेच्या तक्रारीत मात्र तथ्य होते आणि ते मेजर लीगनेही मान्य केले. २०२३ पासून पिचरसाठी घड्याळ आले: बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करायची, धावपटू असेल तर वीस सेकंद (पुढच्या वर्षी ते अठरा झाले). पिचरने उशीर केला तर एक बॉल, फलंदाज वेळेत तयार नसेल तर एक स्ट्राइक. आदल्या वर्षी सरासरी तीन तास चार मिनिटे चालणारा नऊ डावांचा सामना त्या हंगामात दोन तास चाळीस मिनिटांवर आला.

## ‘ती चौकट दिसतच नाही, मग अंपायरवर विश्वास कसा ठेवायचा?’

हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत रास्त आहे. दूरचित्रवाणीवर चौकट आखून दाखवतात, पण अंपायरसमोर ती नसते आणि ताशी दीडशेच्या चेंडूवर त्याची चूक होणारच. २०२५ मध्ये मेजर लीगने ठरवले की पुढच्या हंगामापासून कॅमेऱ्यांच्या आधारे दाद मागता येईल. प्रत्येक संघाला दोन संधी. दाद बरोबर ठरली तर संधी शाबूत. आपल्या डीआरएससारखेच हे वाटेल, पण फरक महत्त्वाचा आहे. दाद फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनीच, लगेच, डोक्यावरच्या टोपीला हात लावून मागायची. कर्णधाराशी चर्चा नाही, ड्रेसिंग रूमकडे पाहणे नाही.

## सॉफ्टबॉल वेगळा कसा?

महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल खेळलेली माणसे, विशेषतः मुली, अधिक भेटतात, आणि ऑलिंपिकमध्येही पुरुषांचा बेसबॉल व महिलांचा सॉफ्टबॉल अशीच विभागणी आहे. वर सांगितलेले जवळजवळ सगळे नियम तिथे लागू होतात. चेंडू मोठा असतो आणि तो हात खालून फिरवून टाकावा लागतो. बेसमधले अंतर नव्वदऐवजी साठ फूट, डाव नऊऐवजी सात, म्हणजे बळी एकवीस. धावपटूला पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे बेसबॉलमधली पाऊल-पाऊल पुढे सरकण्याची आणि पिचरने वळून फेकण्याची झटापट सॉफ्टबॉलमध्ये दिसत नाही. चोरी मात्र आहेच.